सोमवार सकाळचे दिल्लीचे विमान आणि वरच्या वर्गातील जागा : एका वर्षाचा प्रकरण अभ्यास

एप्रिल २०२३ ते मार्च २०२४ या आर्थिक वर्षात आमच्या अभियांत्रिकी सल्लागार कंपनीतील एका ज्येष्ठ अभियंत्यांनी मुंबई–दिल्ली मार्गावर, जाणे आणि येणे वेगळे धरून, ७४ वेळा विमानप्रवास केला. बोगदे आणि पूल यांच्या आराखड्यांची तपासणी हे त्यांचे काम असून, त्यासाठी दिल्लीतील बैठक बहुधा सोमवारी दुपारी तीन वाजता असे आणि परतीचा प्रवास गुरुवारी संध्याकाळी होई. २०२२ च्या अखेरीस त्यांच्या डाव्या गुडघ्याची सांधेरोपण शस्त्रक्रिया झाली होती. कंपनीच्या नियमाप्रमाणे संचालकांखेरीज सर्वांना इकॉनॉमीचेच तिकीट मिळते. विमान कंपनीच्या सभासद कार्यक्रमात मात्र ते अनेक वर्षे गोल्ड श्रेणीत होते, आणि त्या श्रेणीच्या बळावर आपल्याला अधूनमधून बिझनेस क्लासमध्ये बसायला मिळावे, इतकीच त्यांची अपेक्षा होती. कंपनीच्या प्रवास विभागात त्यांच्या तिकिटांचे काम माझ्याकडे होते. ही अपेक्षा पहिल्या पाच महिन्यांत जवळजवळ कधीच पूर्ण का झाली नाही आणि नंतरच्या सात महिन्यांत बऱ्याच वेळा कशी पूर्ण झाली, याची नोंद मी त्या वर्षी एका वहीत ठेवली. पुढील लेखन त्या वहीवरून केले आहे.

विमान कंपनीचे नाव मी येथे देत नाही. त्या वर्षी या मार्गावर बिझनेस कक्ष असलेल्या विमानसेवा दोनच होत्या, एअर इंडिया आणि विस्तारा, आणि आम्ही प्रसंगानुसार दोन्हींची तिकिटे काढली. येथे सांगितलेली कारणे त्या दोघींपैकी एकीपुरती मर्यादित नाहीत.

जुन्या अनुभवाचे ओझे

सरांची, म्हणजे या अभियंत्यांची, अपेक्षा कोठून आली होती, हे आधी समजून घेणे आवश्यक आहे, कारण पहिल्या पाच महिन्यांतील बहुतेक चुका तिच्यातून झाल्या. वारंवार प्रवास करणाऱ्यांसाठी अंतर मोजून गुण देण्याची पद्धत अमेरिकेत रुजली. तेथे १९७८ साली विमानवाहतुकीवरील सरकारी नियंत्रण उठले, भाडे आणि मार्ग यांची स्पर्धा सुरू झाली, आणि मे १९८१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने असा कार्यक्रम जाहीर करताच काही दिवसांत युनायटेडनेही तो आणला. आपल्याकडे खासगी कंपन्या नव्वदच्या दशकात आल्या. मे १९९३ मध्ये सुरू झालेल्या जेट एअरवेजने मुंबई–दिल्ली मार्गावरील नोकरदार आणि व्यावसायिक प्रवाशाला अशा कार्यक्रमाच्या सभासद कार्डांची सवय लावली. सर त्या पिढीतील. "पूर्वी काउंटरवर नाव सांगितलं की मुलगी हसून पुढची जागा द्यायची," असे ते मला पहिल्याच आठवड्यात म्हणाले होते, आणि ते खरेही असणार. १७ एप्रिल २०१९ रोजी जेटची उड्डाणे थांबली. तिच्याबरोबर त्या कार्डाची किंमतही गेली. मात्र कार्ड पाहून जागा मिळते हा समज मागे राहिला.

खरी गोष्ट अशी की अपग्रेड, म्हणजे इकॉनॉमीच्या तिकिटावर मिळणारी बिझनेसची जागा, ही विकल्या न गेलेल्या जागेची शेवटच्या क्षणी लावलेली विल्हेवाट असते. जागा उरली, तर ती कोणाला द्यायची एवढाच प्रश्न कार्डाची श्रेणी सोडवते; जागा उरणार की नाही, यावर तिचा काहीही परिणाम होत नाही. गर्दीच्या मार्गावर नेमका हा दुसरा प्रश्न अवघड असतो, आणि आम्ही पाच महिने पहिल्याच प्रश्नाचे उत्तर शोधत राहिलो.

एप्रिल ते ऑगस्ट : ३० प्रवास, एक अपग्रेड

ते एक अपग्रेड मे महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी मिळाले. सर सकाळी साडेसहाच्या सुमाराच्या विमानासाठी रांगेत उभे असताना दारावरील कर्मचाऱ्याने त्यांचा बोर्डिंग पास घेतला, फाडला आणि पुढच्या कक्षाचा नवा पास हाती दिला. सरांना वाटले की आपली श्रेणी अखेर लक्षात आली. त्यांनी मला फोन करून तसे सांगितले आणि मीही ते मान्य केले. पुढील चार महिन्यांत मात्र त्याच वाराला, त्याच वेळेच्या विमानात तसे पुन्हा एकदाही घडले नाही.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडावी, तसा तो प्रकार होता. त्या महिन्याच्या आरंभी, ३ मे २०२३ पासून, गो फर्स्ट या कंपनीची सर्व उड्डाणे बंद झाली होती. मुंबई–दिल्ली हा देशातील सर्वांत वर्दळीचा मार्ग. त्यावरील तिच्या प्रवाशांना एकाएकी दुसऱ्या कंपन्यांकडे वळावे लागले आणि इकॉनॉमीच्या जागा खचाखच भरल्या. विमान कंपन्या काही प्रवासी येणार नाहीत असे गृहीत धरून थोडी जास्त तिकिटे विकतात. ज्या दिवशी सगळेच येतात त्या दिवशी, पुढच्या कक्षात जागा रिकामी असल्यास, इकॉनॉमीतील एकदोघांना पुढे बसवणे कंपनीला सर्वांत स्वस्त पडते, कारण प्रवाशाला जबरदस्तीने मागे ठेवले आणि त्याला तासाभराच्या आतील दुसरे विमान देता आले नाही, तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमानुसार त्याला भरपाई द्यावी लागते. अशा वेळी कोणाला उचलायचे हे ठरवताना श्रेणी उपयोगी पडते. पण हा प्रसंग प्रवाशाला घडवून आणता येत नाही, आणि त्यावर आठवड्याचे नियोजन तर मुळीच करता येत नाही.

ऑगस्टअखेर मी सर्व ३० तिकिटे काढून एकेक तपासली. त्यात दोन दोष आढळले आणि दोन्ही आमच्या विभागाचे होते. ते येथे स्पष्ट लिहिले पाहिजेत, कारण अनेक कार्यालयांत ते आजही घडत असतील.

पहिला दोष भाड्याच्या प्रकाराचा. आमची तिकिटे ज्या संगणकीय व्यवस्थेतून निघत, ती आपोआप सर्वांत स्वस्त भाडे निवडत असे. इकॉनॉमी हा प्रवाशाला एकच वर्ग दिसतो, परंतु विमान कंपनीच्या हिशेबात त्याच्या आत इंग्रजी अक्षरांनी ओळखले जाणारे अनेक कप्पे असतात. त्यांतील सर्वांत खालच्या कप्प्यातील तिकिटावर सरांच्या कार्यक्रमात अपग्रेड व्हाउचर, म्हणजे सभासदाला मिळालेले वरच्या वर्गात जाण्याचे कूपन, चालतच नव्हते. त्यांच्या खात्यात सहा व्हाउचर पडून होते आणि आम्ही त्यांना सातत्याने असे तिकीट देत होतो, ज्यावर त्यांतील एकही वापरता येणार नव्हता. वरच्या कप्प्याचे भाडे बऱ्याचदा काहीशे रुपयांनीच अधिक असते, आणि त्यात तारीख बदलण्याचे शुल्कही कमी लागते. सरांच्या बैठका महिन्यातून एकदा तरी पुढे ढकलल्या जात, त्यामुळे स्वस्त तिकीट वर्षाच्या हिशेबात स्वस्त पडत होते का, याचीही मला शंका आहे.

दुसरा दोष नावाचा. आपल्याकडे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशी तिहेरी रीत आहे. सरांच्या सभासद खात्यात नाव आणि आडनाव एवढेच होते. आमच्या व्यवस्थेत आधार कार्डाप्रमाणे वडिलांचे नाव पहिल्या नावाला जोडून जात होते. दोन्ही नावे जुळत नसल्यामुळे काही तिकिटांना सभासद क्रमांक चिकटलाच नाही. त्या प्रवासांत विमान कंपनीच्या दृष्टीने सर गोल्ड सभासद नव्हतेच, एक अनोळखी प्रवासी होते. त्यांचे गुणही जमा झाले नव्हते. मागील तिकिटे आणि बोर्डिंग पास पाठवून ते नंतर मागता आले, परंतु त्यात दोन महिने गेले. तिहेरी नाव लावणाऱ्या प्रत्येकाने आपल्या सभासद खात्यातील नाव आणि तिकिटावरील नाव एकदा शेजारी ठेवून वाचावे, असे मला मनापासून वाटते.

जागा कोठे उरते

हे दोष दूर केल्यावरही सोमवार सकाळचा प्रश्न तसाच राहिला. त्याचे उत्तर मार्गाच्या स्वरूपात आहे.

मुंबई–दिल्ली मार्गावर चालणाऱ्या अरुंद विमानांत, म्हणजे एकच वाट असलेल्या एअरबस ए-३२० जातीच्या विमानांत, बिझनेसच्या जागा फार थोड्या असतात. विस्ताराच्या ए-३२० निओमध्ये त्या आठ होत्या आणि एअर इंडियाच्या त्याच जातीच्या विमानांत बारा. या आठ-बारा जागांचे ग्राहक उशिरा ठरतात. कंपन्यांचे संचालक आणि सल्लागार, सचिवालयात आयत्या वेळी बोलावले गेलेले अधिकारी, आणि मोठ्या संख्येने वकील. सर्वोच्च न्यायालयात नव्या प्रकरणांची प्राथमिक सुनावणी परंपरेने सोमवारी आणि शुक्रवारी होते, त्यामुळे मुंबईतील ज्येष्ठ वकील रविवारी संध्याकाळी आणि गुरुवारी संध्याकाळी दिल्लीकडे निघतात, आणि काम संपताच परततात. शनिवारी रात्री किंवा आयत्या सकाळी पूर्ण भाडे मोजणारा ग्राहक येणार, हे विमान कंपनीला मागील वर्षांच्या आकड्यांवरून ठाऊक असते. म्हणून ती या फेऱ्यांत अपग्रेडसाठी जागा मोकळी करत नाही. आसन नकाशावर शुक्रवारी पाच जागा रिकाम्या दिसल्या, तरी त्या पाचही विकल्या जाणार या हिशेबाने राखलेल्या असतात. नकाशा पाहून आशा धरणे ही आमची आणखी एक चूक होती. व्हाउचर कोणत्या जागेवर लागू होईल, याचा कोटा स्वतंत्र असतो आणि तो नकाशात दिसत नाही.

मी सप्टेंबरपासून वहीत प्रत्येक प्रवासासाठी चार गोष्टी लिहू लागले : वार, सुटण्याची वेळ, विमानाची जात आणि व्हाउचर मागताच जागा मिळाली की नाही. सहा आठवड्यांत चित्र स्पष्ट झाले. सकाळी आठच्या आतील आणि संध्याकाळी पाच ते नऊ या वेळेतील फेऱ्यांत कोटा जवळजवळ नेहमी बंद असे. सकाळी दहानंतरच्या आणि दुपारच्या फेऱ्यांत तो अनेकदा उघडा असे. मंगळवार आणि बुधवार सैल, शनिवार त्याहून सैल.

सर्वांत मोठा फरक मात्र विमानाच्या जातीने पडत होता. त्या हंगामात या मार्गावर काही फेऱ्यांना बोइंग ७८७ हे दोन वाटांचे मोठे विमान लावले जाई. एअर इंडियाच्या ७८७-८ मध्ये बिझनेसच्या १८ जागा होत्या आणि विस्ताराच्या ७८७-९ मध्ये ३०. लांब पल्ल्याच्या प्रवासासाठी घडवलेला तो कक्ष दोन तासांच्या देशांतर्गत फेरीत पूर्ण विकला जाणे कठीण असते, आणि त्यातील खुर्ची पलंगासारखी सपाट होत असल्यामुळे सरांना गुडघा सरळ ठेवून बसता येई. एकाच दिवशी, एकाच मार्गावर, जवळजवळ त्याच भाड्यात, पुढच्या कक्षातील जागांची संख्या दीडपट ते जवळजवळ चौपट होत होती, आणि आम्ही पाच महिने विमानाची जात हा रकाना वाचलाच नव्हता.

येथे एक साधा प्रश्न उरला, तो मी सरांना विचारला. बैठक तीन वाजता असताना साडेसहाचे विमान कशासाठी? ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "अहो मॅडम, वीस वर्षं तेच विमान घेतोय. उशीर झाला तर, ही भीती." त्या भीतीपोटी ते सोमवारी पहाटे पावणेचारला मुलुंडहून निघत आणि बैठकीआधी तीन तास एका कॉफीच्या दुकानात बसत. दहाच्या सुमाराचे विमान साधारण सव्वाबाराला दिल्लीच्या तिसऱ्या टर्मिनलवर पोहोचते, आणि तेथून विमानतळाची मेट्रो वीस मिनिटांच्या आसपास नवी दिल्ली स्थानकावर नेते. ऑक्टोबरपासून त्यांनी हे विमान धरले. फक्त १७ ऑक्टोबरचा मंगळवार आम्ही टाळला, कारण त्या दिवशी पावसाळ्यानंतरच्या देखभालीसाठी मुंबई विमानतळाच्या दोन्ही धावपट्ट्या सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच बंद राहणार होत्या. परतीसाठी गुरुवार संध्याकाळऐवजी, काम परवानगी देईल तेव्हा, गुरुवार दुपार किंवा शुक्रवार दुपार.

व्हाउचर, बोली आणि काउंटर

सहा व्हाउचरपैकी एक वाया गेले. त्याची मुदत सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात संपत होती आणि आम्ही ते शुक्रवार, ८ सप्टेंबरच्या परतीसाठी राखले होते. जी-२० शिखर परिषदेमुळे ८ ते १० सप्टेंबर या काळात नवी दिल्लीतील कार्यालये बंद राहिली, त्या आठवड्याची बैठक रद्द झाली आणि व्हाउचर संपले. मुदतीच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत व्हाउचर ठेवू नये, हे त्यानंतर आम्ही ठरवले आणि पाळले. उरलेली पाच व्हाउचर आम्ही तिकीट काढतानाच, कोटा उघडा आहे याची खात्री करून लावली. प्रतीक्षायादीवर एकही ठेवले नाही.

त्यांतील एक विशेष लक्षात राहिले. ९ नोव्हेंबरला, वसुबारसेच्या संध्याकाळी, सर दिल्लीहून परतणार होते. गुरुवारची संध्याकाळ आणि तोंडावर दिवाळी, म्हणून मी आशा सोडली होती. इकॉनॉमीत खरोखरच जागा नव्हती, भाडेही दुप्पट झाले होते. पण व्हाउचर लगेच लागले. नंतर विचार केल्यावर कारण कळले. सणाच्या आठवड्यात घरी जाणारी कुटुंबे इकॉनॉमीने प्रवास करतात, आणि बिझनेसचे नेहमीचे गिऱ्हाईक, म्हणजे बैठकांना जाणारी मंडळी, त्या दिवसांत घरीच असतात. विमान भरलेले असते, तरी पुढचा कक्ष रिकामा असतो. होळीच्या आठवड्यातही आम्हाला तसाच अनुभव आला.

बोलीचा मार्ग वेगळा आहे. तिकीट काढल्यावर कंपनी ठरावीक प्रवाशांना ईमेलने विचारते की पुढच्या वर्गासाठी तुम्ही किती रक्कम द्याल. पडद्यावर किमान आणि कमाल यांच्यामध्ये एक खूण सरकवायची असते, आणि बोली मान्य झाली तरच पैसे घेतले जातात. जगातील अनेक विमान कंपन्यांसाठी ही व्यवस्था कॅनडातील प्लसग्रेडसारख्या संस्था चालवतात. सरांसाठी आम्ही १७ बोली लावल्या. सहा मान्य झाल्या. पहिल्या सात बोली मी किमान रकमेला चिकटून, सोमवार सकाळ आणि गुरुवार संध्याकाळ या फेऱ्यांसाठीच लावल्या होत्या आणि त्या सातही नाकारल्या गेल्या. दुपारच्या आणि मोठ्या विमानाच्या फेऱ्यांसाठी किमान रकमेपेक्षा थोड्या वरच्या बोलीही मान्य झाल्या. याचा अर्थ असा की रिकामी जागा असेल तेथे जास्त रक्कम देण्याची गरज नसते, आणि नसेल तेथे जास्त रक्कमही पुरत नाही. मधल्या पट्ट्यात, जेथे एखाद-दुसरी जागा उरते, तेथे मात्र रकमेने फरक पडतो.

बोलीचे पैसे कोणी द्यायचे, हा प्रश्न कार्यालयात आला. गुण आणि व्हाउचर प्रवाशाचे असतात, असा आमच्या कंपनीचा रिवाज आहे. केंद्र सरकारचे नियम याबाबत कडक आहेत. सरकारी तिकिटावर जमलेले गुण सरकारी प्रवासासाठीच वापरायचे असतात आणि खासगी वापर केल्यास खात्याकडून कारवाई होऊ शकते. खासगी कंपन्यांत तसे बंधन क्वचितच असते. पण बोलीची रक्कम रोख असते आणि ती प्रवाशाच्या खिशातून जावी, हे मला पटले नाही. मी सरांच्या शस्त्रवैद्यांचे पत्र जोडून व्यवस्थापनाकडे टिपण पाठवले. त्यात इकॉनॉमीवर पाच टक्के आणि बिझनेसवर बारा टक्के वस्तू व सेवा कर त्या वेळी लागत होता, हेही नोंदवले, कारण थेट बिझनेसचे तिकीट आणि इकॉनॉमीवर बोली यांची तुलना कर धरून केली पाहिजे. नोव्हेंबरमध्ये वैद्यकीय कारणासाठी ठरावीक मर्यादेपर्यंतची बोली कंपनीने देण्याचे मान्य केले. माझ्या दृष्टीने या वर्षातील सर्वांत उपयोगी गोष्ट हीच ठरली, आणि ती कोणत्याही सभासद कार्यक्रमाने दिलेली नव्हती.

ते वैद्यकीय पत्र विमान कंपनीकडे चालत नाही, हेही सांगायला हवे. त्याच्या आधारे व्हीलचेअर मिळते, आधी विमानात चढता येते, पुढची रांग मागता येते. वरचा वर्ग मिळत नाही. सर सुरुवातीला पाय पसरता यावेत म्हणून आपत्कालीन दाराजवळील रांग मागत. ती रांग त्यांच्यासाठी योग्य नव्हती, कारण तेथे बसणाऱ्याला गरज पडल्यास दार उघडून इतरांना मदत करता आली पाहिजे. जे खरे सोयीचे होते, ते आम्हाला फार उशिरा सुचले. डावा गुडघा वाकत नसेल, तर मधली वाट आपल्या डाव्या हाताला हवी. अरुंद विमानात ती डी या अक्षराच्या जागेवरून मिळते. इकॉनॉमीच्या पहिल्या रांगेतील डी जागा थोडे शुल्क देऊन आधी राखता येत होती. त्यासाठी लागलेले पैसे बोलीच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी होते. डिसेंबरपासून प्रत्येक तिकिटाबरोबर ती जागा राखायची आणि अपग्रेड मिळाले तर सोडायची, असा नियमच आम्ही केला. अपग्रेड न मिळालेल्या प्रवासांत सरांचे हाल ज्यामुळे थांबले, ती ही जागा.

विमानतळावरील काउंटरवर पैसे भरून तीनदा जागा मिळाली. तिन्ही वेळा दुपारी, तिन्ही वेळा चेक-इन बंद होण्याच्या थोडे आधी. त्यासाठी विनंतीचा सूर किंवा ओळख लागली नाही. आज पुढच्या कक्षाचा दर काय आहे, एवढे विचारणे पुरले.

१५ जानेवारी

सोमवार, १५ जानेवारी २०२४, संक्रांतीचा दिवस. आदल्या दिवसापासून दिल्लीत दाट धुके होते. दिल्लीची एक मुख्य धावपट्टी, जिच्यावर अत्यंत कमी दृश्यमानतेतही विमान उतरवण्याची सोय असते, ती दुरुस्तीसाठी सप्टेंबरपासून बंद होती आणि त्यामुळे तासाला उतरू शकणाऱ्या विमानांची संख्या आणखी घटली होती. सरांचे दहाचे विमान मोठे होते आणि त्यावर व्हाउचरने मिळालेली जागा पक्की होती. सकाळी नऊ वाजता विमान बदलल्याचा संदेश आला. मोठे विमान दिल्लीतच अडकले होते; त्याऐवजी अरुंद विमान येणार होते. पुढच्या कक्षातील जागा एकदम कमी झाल्या, त्या पूर्ण भाडे भरलेल्यांना मिळाल्या, आणि सर इकॉनॉमीत आले.

फेब्रुवारी २०२३ पासून लागू असलेल्या नियमानुसार, प्रवाशाला त्याने काढलेल्या तिकिटापेक्षा खालच्या वर्गात बसवले, तर देशांतर्गत प्रवासात करांसह तिकिटाच्या ७५ टक्के रक्कम परत करावी लागते. सरांचे मूळ तिकीट इकॉनॉमीचे असल्यामुळे आम्ही त्या नियमाचा आधार घेतला नाही. आम्ही फक्त व्हाउचर परत मागितले. त्यासाठी विमान बदलल्याचा संदेश, जुना आणि नवा बोर्डिंग पास यांची छायाचित्रे सरांनी विमानतळावरच काढून ठेवली होती, म्हणून आठवडाभरात ते खात्यात परत आले आणि मार्चमध्ये वापरले गेले. त्या दिवशी विमान पाच तास उशिरा निघाले आणि बैठक हुकली. "तुम्ही राखून ठेवलेली ती डी जागा तेवढी वाचली," असे त्यांनी रात्री कळवले. अपग्रेड झाल्यावर ती जागा आम्ही नियमाप्रमाणे सोडली होती. विमान बदलताच मी ती पुन्हा मागितली आणि सुदैवाने ती अद्याप मोकळी होती.

मोठे विमान म्हणजे जास्त शक्यता, हे खरे. पण मोठे विमान बदलले गेल्यास पहिला फटका अपग्रेडवाल्याला बसतो, हेही तितकेच खरे. धुक्याच्या दिवसांत, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत, आम्ही त्यानंतर व्हाउचर वापरले नाही.

वहीतील शेवटची बेरीज

७४ प्रवासांत १५ अपग्रेड झाले. त्यांपैकी एक मे महिन्यातील, आपोआप आलेले. पाच व्हाउचरने, सहा बोलीने आणि तीन काउंटरवर पैसे भरून. ऑगस्टअखेरच्या ३० प्रवासांत एक आणि नंतरच्या ४४ प्रवासांत चौदा. सोमवारी सकाळी आठच्या आत सुटलेल्या विमानांत वर्षभरात एकच, आणि ते मे महिन्यातील. गोल्ड श्रेणी वर्षभर तीच होती. बदलले ते तिकिटाचे भाडे, विमानाची वेळ आणि विमानाची जात.

या मार्गावरील परिस्थिती त्यानंतर बदलली आहे. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्तारा एअर इंडियात विलीन झाली आणि दोन कंपन्यांचे सभासद एकाच यादीत आले, त्यामुळे उरलेल्या जागेसाठी उभ्या असलेल्यांची रांग लांबली असणार. त्याच आठवड्यात, १४ नोव्हेंबरला, इंडिगोने दिल्ली–मुंबई मार्गावर प्रथमच बारा जागांचा बिझनेस कक्ष सुरू केला, म्हणजे विकायच्या जागाही वाढल्या. जुने आकडे नव्या परिस्थितीला जसेच्या तसे लावता येणार नाहीत.

सरांच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया मागील वर्षी झाली. आता त्यांना वाट उजव्या हाताला हवी असते, म्हणून आमच्या नोंदीत डी खोडून सी लिहिले आहे. वहीचा दुसरा भाग मुंबई–बेंगळुरू मार्गावर दर आठवड्याला जाणाऱ्या एका सहकाऱ्यासाठी सुरू केला आहे. तेथील गर्दीचे वार वेगळे आहेत आणि पहिल्या महिन्यात एकही व्हाउचर लावायचे नाही, फक्त वार, वेळ, विमानाची जात आणि कोटा एवढेच लिहायचे, असे आम्ही ठरवले आहे.